दोरीवरची नी-कॅप

चिमटा लाकडी, पावसानं एका बाजूला फुगलेला, आणि त्याच्या दातांत ती नी-कॅप — मळकट पांढरी, मधोमध निळी पट्टी — वारा आला की अर्धी गिरकी घ्यायची आणि पुन्हा जाग्यावर यायची, कुणी हाक मारली म्हणून वळून बघावं आणि हाक आपल्याला नव्हती हे कळावं, तशी. खालच्या कडेचे इलास्टिकचे धागे सुटले होते तिथं वनमालानं हिरव्या दोऱ्यानं टीप घातली होती. पांढरा दोरा संपला होता. मीरा म्हणाली होती, हिरवाच घाला काकू, लांबून ओळखू येईल. ते बुधवारी. बुधवारी सगळं ठीक होतं.

आज रविवार. संध्याकाळी कॉलनीच्या सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉलचा शेवटचा सामना, अंधेरीच्या पोरींशी, आणि नी-कॅप अजून वनमालाच्या दोरीवर. एरवी सामन्याच्या दिवशी मीरा सकाळी दात घासता घासताच यायची, गॅलरीतली तीन दारं ओलांडून, आणि कुणाला न विचारता नी-कॅप ओढून न्यायची. चिमटा खाली पडायचा, तो वनमाला उचलायची. उचलताना तिला बरं वाटायचं. कुणाला सांगण्यासारखं नाही, पण वाटायचं.

येईल. वनमालानं तांदळाचं सूप घेतलं आणि उंबऱ्यावर अशी बसली की दोरीही दिसावी आणि मीराच्या बापाचं, भीमराजचं दारही. येईल, मागायला येईल, न येऊन करते काय, डावा गुडघा तिचा कच्चा आहे... आणि आली की आपल्याला कळेल. हसून घेते, का न बोलता घेते, का नुसतं आपल्या तोंडाकडे बघते, त्यावरून कळेल की गुरुवारचं तिच्या मनात किती आहे. आली म्हणजे मिटलं. नाही आली तर... बोटाखालून एक खडा गेला, तो तिनं काढला नाही, तांदळातच राहिला.

गुरुवारी दुपारी ती बाई आली होती. भीमराज रेल्वेत फिटर, मीरा त्याची थोरली, कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि बोरिवलीचं एक स्थळ बघून गेलं होतं, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. मुलाची आत्या चौकशीला येणार हेही ठाऊक होतं. मुलीच्या घरी चहा घेण्याआधी शेजारी पाणी प्यायचं, ही रीत कोकणात तशीच आणि भीमराजच्या साताऱ्याकडेही तशीच. शेजारी काय सांगतात तेही ठरलेलं. मुलगी गाय आहे. मान वर करून बघत नाही. स्वयंपाकाला हात चांगला. वनमालानं स्वतः कितीजणींसाठी ही वाक्यं म्हटली होती. खालच्या मजल्यावरच्या विमलासाठी म्हटली होती, आणि विमला तर दोन गावं ऐकतील अशी भांडायची.

पण आत्या खुर्चीवर टेकली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "मीरा कशी आहे हो?" इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

...ती रॉकेलच्या रांगेतून परत येत होती, चारेक वर्षांपूर्वी, संप सुरू झाला त्याच सुमाराला. मिलचा भोंगा मनातसुद्धा वाजेनासा झाला होता आणि लवू, तिचा नवरा, दिवसभर भिंतीकडे बघत पडायचा. कॅन हातात, दांडी बोटांत रुतलेली, आणि कोर्टाच्या जाळीमागून आवाज आला, "इकडे टाक!" एक काटकुळी पोर, वेणी वर बांधलेली, आपल्याहून उंच, थोराड पोरीला सांगत होती. विनवत नव्हती, सांगत होती. आणि त्या उंच पोरीनं चेंडू टाकला. वनमाला थांबली. पुन्हा तेच. दे. दिला. मागितलं की मिळत होतं, आणि दिलं म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं, आणि ज्या पोरीनं दिला तीच पुढच्या दमात हात पसरून मागत होती, आणि तिलाही मिळत होतं. असं घर तिनं पाहिलं नव्हतं. अशी जाऊ नव्हती, अशी सासू नव्हती, आईसुद्धा... आईनं दिलं की आठवण ठेवायची. ती कॅन खाली ठेवून अंधार पडेपर्यंत उभी राहिली. ती पोर आपल्याच मजल्यावरची मीरा, हे तिला शेवटी कळलं; गॅलरीतून खाली मान घालून जाणारी ती आणि ही एकच.

वेड वनमालाला आधीही होतं. सिनेमाचं होतं. मढला शूटिंग आहे कळल्यावर चाळीतल्या बायकांबरोबर ती बोटीतून गेली होती आणि उन्हात दिवसभर उभी राहिली होती. नटी धावत यायची, अडखळायची, आणि नटानं तिला झेलायचं. पुन्हा धावायची, पुन्हा अडखळायची, पुन्हा त्यानं झेलायचं. मधल्या वेळात ती नटी उपड्या बादलीवर बसून पायाचा अंगठा चोळत होती. तेव्हाही वनमालाला तो अंगठाच जास्त आवडला होता, परत येताना बोटीत सगळ्याजणी साडीबद्दल बोलत होत्या आणि ही अंगठ्याबद्दल. लवू म्हणतो, ही कसल्याही मागे लागते. चित्रहार लागला की शेजारी धावते, बुद्धिबळाचा पट मांडला की पटाशी उभी राहते, आता हे चेंडूचं. पण चेंडूचं वेगळं होतं. इथं पोरी पडायच्या त्या खऱ्या पडायच्या आणि आपल्या आपण उठायच्या. रविवारचा हिंदी सिनेमा तिनं त्यासाठी सोडला, आणि हे सोडणं काय आहे ते ज्यांनी तेव्हाच्या चाळीत एक टीव्ही आणि चाळीस डोकी पाहिली त्यांनाच कळेल.

तर आत्यानं विचारलं, आणि ती सुटली. सांगितलं की चेंडू घेऊन मीरा निघाली की पटावरचा घोडा: दोन घरं सरळ, मग अर्धं बाजूला, आणि समोरची पोरगी ती जिथं नाही तिथं हात मारत बसते. अंगावर आलेलीला खांद्यानं अशी सारते की पंचाला दिसत नाही. ओरडते तर पलीकडच्या बसस्टॉपवर माणसं वळून बघतात. हरलेलं तिला खपत नाही. हरली की घरात कुणाशी बोलत नाही, आईशीसुद्धा. गुडघे बघा तिचे, एक जागा शाबूत नाही. नागपूरला सामने होते तेव्हा अंगात ताप, बाप नको म्हणाला, तरी गेली, आणि ढाल घेऊन आली. आत्या "हो का, हो का" म्हणत होती. निघताना म्हणाली, "बरं झालं, मनमोकळं सांगितलंत." वनमालानं तिला रविवारच्या सामन्याचं आमंत्रण दिलं. लवकर या म्हणाली, भिंतीकडची सावलीची जागा मिळते. ती गेल्यावर कितीतरी वेळ वनमाला एकटीच हसत होती. मीराचं कौतुक असलेलं आणखी एक माणूस झालं, असं तिला वाटत होतं.

शुक्रवारी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण आमच्या घराला झेपायची नाही.

लवूनं रात्रीच्या जेवणाला ते सांगितलं. आता तो एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होता, फाटकावर बसून त्याला सगळं सावकाश बोलायची सवय लागली होती. तो मुलगा म्हणे स्वतःच म्हणाला होता की लग्नानंतर खेळली तर माझी ना नाही. मामाच्या घरी दोघं भेटली तेव्हा अर्धा वेळ त्यानं नागपूरचंच विचारलं. परत आल्यावर मीरा गुणगुणत होती, तिच्या आईनं, शकुबाईनं ऐकलं होतं. आत्याला मात्र धास्ती होतीच, आणि ती धास्ती घालवायलाच ती शेजारी बसायला आली होती. मुलगा घरात भांडला. आत्यापुढे चाललं नाही.

वनमाला म्हणाली, मी खोटं काय सांगितलं?

"तुका खेळ दिसलो गो," लवू म्हणाला. "त्यांका सून बघूची होती."

आणि भात कालवत राहिला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, उलट काही बोलता आलं असतं.

...ऊन गॅलरीच्या कठड्यावर चढलं. मिठागरांवरून वारा येत होता आणि नी-कॅप वळत होती. भीमराजचं दार उघडलं — वनमालाचा हात सुपातच थांबला — पण भीमराजच बाहेर आला, बनियन आणि लुंगी, नेहमीसारखा काखेत पट. म्हणजे आला. रविवारचा डाव मोडला नाही. तिनं धावत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

ते दोघं देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर, आणि पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. मीरा कॉलेजात दुसरं शिकून आली होती. एकदा कठड्याला टेकून तिनं बापाशी वाद घातला होता: "बाबा, आता असं कुणीच खेळत नाही. पोचलं की त्याला पाहिजे ते होतं." भीमराज म्हणाला होता, "पाहिजे ते कसं होईल? पोचलं ज्याच्या घरी, त्याचंच होणार ना." मीरा हसली होती. वनमाला चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिला हसू आलं नव्हतं, तिनं नुसतं आपल्या खोलीकडे पाहिलं होतं, लवूच्या घराकडे, आणि ट्रे खाली ठेवला होता.

आता ती तसाच ट्रे घेऊन आली. कान तुटलेला घोडा लवूच्या बोटांत होता. तिला विचारायचं होतं, मीरा काय म्हणते? ती म्हणाली, साखर बरोबर आहे ना.

"वहिनी," भीमराज पटाकडेच बघत म्हणाला, "तुम्ही खोटं एक अक्षर बोलला नाहीत. मी शकूलाही तेच सांगितलं."

"भावजी, मला वाटलं..."

"आम्हाला त्या दिवशी जरा खोटं बोलणारं माणूस पाहिजे होतं." तो हसलासुद्धा. चहाचा घोट घेतला, घोट गिळून झाल्यावर म्हणाला की मीरा पहाटेच गेली, धावायला, तिकडून मैत्रिणीकडे, आणि तिथूनच कोर्टावर जाईल.

म्हणजे येणार नव्हती. सकाळपासून आपण बसलो तेव्हा ती घरात नव्हतीच.

डाव संपला. कोण जिंकलं तिनं पाहिलं नाही. भीमराज उठला, दुपारपाळीला जायचं होतं त्याला, आणि उठता उठता त्याची नजर दोरीवर गेली. "ही तिचीच ना? द्या इकडं. मी तिच्या मैत्रिणीच्या घरावरनंच जातो, टाकतो तिच्याकडे."

"ओली आहे अजून," वनमाला म्हणाली. "मी नेते सामन्याला जाताना."

तो बरं म्हणून गेला. लवूनं मोहरी डब्यात भरली. वनमाला तिथंच उभी.

ओली आहे. गुरुवारपासून उन्हात लटकलेली, खरखरीत वाळलेली, हात लावला तर कडकडेल. किती सहज आलं तोंडातून. चेहरा नाही बदलला, आवाज नाही अडखळला... मग गुरुवारी काय झालं होतं? गुरुवारी का नाही आलं? गाय आहे हो, मान वर करत नाही — एवढंच तर म्हणायचं होतं. पाठ होतं. विमलासाठी आलं होतं.

दुपारी ती आडवी झाली. झोप नव्हती. छताला ओलीचा डाग होता, त्याच्याकडे बघत होती, आणि डागाच्या जागी आत्याचा हात आला. पाणी झाल्यावर दिलेल्या चहाचा कप धरलेला. ती गुडघ्यांचं सांगत होती — एक जागा शाबूत नाही — आणि कप ओठांशी जाता जाता मध्येच थांबला होता. थांबला होता आणि मग हळूच बशीत गेला होता, न पिता.

ते मी पाहिलं होतं.

नाही, कसं पाहिलं असेल, मी बोलत होते, भरात होते... पण कप दिसत होता. बशीत टेकताना आवाजसुद्धा झाला नाही इतका सावकाश ठेवला, हे कसं आठवतं मग? पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्यानंतर नागपूर सांगितलं. ताप सांगितला, बाप नको म्हणाला ते सांगितलं. गुडघ्यांवर थांबता आलं असतं. पोरीचा हात स्वयंपाकाला चांगला आहे, असं म्हणून वळता आलं असतं, आत्यानं तेवढ्यावर कप पुन्हा उचलला असता.

बोरिवली म्हणजे लांब, मीरा तिकडे गेली की गेली. बोरिवलीला कोर्ट असेल, तिथं दुसरी कुणी जाळीपाशी उभी राहील. इथं रविवार येतील. सगळ्यांबरोबर टीव्हीपुढे बसायचं, नटी धावत येणार, नट झेलणार... मी एवढा विचार केला होता का? त्या वेळी? बोलता बोलता? एवढा कपटी विचार माझ्याच्यानं होईल का? ती कुशीवर वळली. विचार केला नव्हता हे खरं. पण विचार न करताच माणूस उंबरठा ओलांडतो, अंधारात आपल्या घरातला माठ बरोबर सापडतो त्याला. हाताला ठाऊक असतं.

चार वाजून गेल्यावर चाळ टीव्हीच्या खोलीकडे गोळा व्हायला लागली. जागा धरायला गोणपाटं, पाट, भांडणं. कुणीतरी जाता जाता म्हणालं, काय वनमालाबाई, आज तरी सिनेमा बघा, तुमची मीरा काय पळून जात नाही. तिनं दोरीवरून नी-कॅप काढली, चिमटा पडला, तो तिनं उचलला नाही. नी-कॅप निऱ्यांजवळ कमरेला खोचली आणि निघाली.

भिंतीकडची तिची जागा रिकामी होती. तिथं पोरींना ठाऊक असायचं, काकू आहेत. मीरा कोर्टावर उतरली की तिकडे एकदा हात करायची. वनमाला तिकडे गेली नाही. वळसा घालून पलीकडच्या टोकाला, बोर्डाच्या मागे जाऊन उभी राहिली, तिथून खेळ नीट दिसत नाही, खांब आणि पाठी दिसतात. माणसं थोडीच होती. त्यात दोनतीन तरुण मुलगे होते, एक चष्मेवाला, शर्ट पँटमध्ये खोचलेला, एकटाच. बोरिवलीचा मुलगा तिनं कधी पाहिला नव्हता. हा असेल. किंवा हा कुणाचा तरी भाऊ असेल.

मीरा उतरली. डावा गुडघा उघडा. तिनं भिंतीकडे पाहिलं का? पाहिल्यासारखं वाटलं, पण बुटाची नाडी बांधताना माणूस कुठंही बघतं. शिट्टी झाली, आणि ती निघाली, दोन घरं सरळ, अर्धं बाजूला... वनमालाच्या ओठांवर नाव आलं आणि तिथंच राहिलं. पहिल्याच धडकेत मीरा गुडघ्यावर पडली. सिमेंटवर. उठली. पुन्हा त्याच गुडघ्यावर. कमरेला खोचलेली नी-कॅप वनमालाला टोचायला लागली, हिरव्या टिपेची गाठ असेल. मध्यंतराला पोरी पायरीवर बसून लिंबूपाणी पीत होत्या, मीरा गुडघ्यावर थुंकी लावत होती. आता जावं. नुसतं हातात द्यावं, काही बोलायची गरज नाही. वनमाला पायरीच्या दिशेनं थोडी पुढे झाली आणि थांबली. आता दिली तर सकाळी का नाही दिली, असं तिच्या मनात येईल. सकाळी का नाही दिली? तिनं मागायला यावं म्हणून. बघत बसले होते, यावं आणि मागावं. चारेक वर्षं पोरगी न मागता ओढून न्यायची तेव्हा बरं वाटायचं म्हणत होते ना मी...

शिट्टी झाली. मीराच्या पोरी आता वनमालाच्या बाजूच्या बोर्डावर चेंडू टाकायला यायला लागल्या. गुण किती झाले, पुढे कोण, तिला ठाऊक नव्हतं. आज तिनं मोजलेच नव्हते, ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा घडत होती आणि तिच्या लक्षात आली तीसुद्धा उशिरा. पाठी, खांब, धापा, "इकडे टाक!" — तोच आवाज, जरा घोगरा झालेला. चेंडू रिंगेवर आपटला, अंधेरीच्या पोरीच्या हाताला लागून रेषेबाहेर उडाला, दोनदा उसळला आणि घरंगळत येऊन वनमालाच्या चपलेला टेकला.

तिनं वाकून तो उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटला होता त्यापेक्षा जड होता. उन्हानं आणि हातांनी तापलेला, मांजराच्या जिभेसारखा खरखरीत, आणि आत काहीतरी घट्ट दाबून ठेवल्यासारखा.

मीरा धावत आली आणि रेषेवर थांबली. हात पुढे, पंजे उघडे. गुडघ्याचं रक्त मोज्यापर्यंत आलेलं. तिच्या चेहऱ्यावर राग आहे का, हे वनमाला सकाळपासून शोधत होती. तिथं राग नव्हता, लोभही नव्हता. आपल्या कुठल्याही पोरीकडे मागताना असतो तोच चेहरा होता तो.

"काकू, चेंडू."

मागितलं की द्यायचं. या खेळातलं पहिल्या दिवशी कळलेलं ते एवढंच होतं. वनमाला द्यायलाच निघाली होती, हात पुढे झालेसुद्धा. पण बोटं तशीच राहिली, चेंडूच्या दोन्ही बाजूंनी पसरलेली, नखं पांढरी पडेपर्यंत... पंचानं शिट्टी ओठांतून काढली आणि तिच्याकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, अहो बाई. कमरेला गाठ टोचत होती. मीराचे हात तसेच उघडे होते. आणि वनमाला आपल्या बोटांकडे बघत होती, गुरुवारी त्या बशीत टेकणाऱ्या कपाकडे बघितलं होतं तशीच, फक्त या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही. एकेक बोट बघत गेली, सुईनं भोकं पडलेलं, रॉकेलच्या दांडीनं घट्टा पडलेलं, आणि ती दुसऱ्या कुणाची नाहीत हे तिला हळूहळू दिसायला लागलं.